आवंढा गिळायला शिकलेली मुलं

हे पुस्तक ज्या मुलांविषयी आहे त्यांची नावं एक तर दोन शाळांच्या हजेरीपटांवर असतात, नाही तर एकाही नसतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अशी मुलं दोन वाटांनी ये-जा करतात. पहिली वाट बाहेर जाणारी. दसरा-दिवाळी उरकली की कन्नड, सोयगाव, पैठणकडच्या तांड्या-वस्त्यांवरून, आणि शेजारच्या बीड-जालन्यातून तर फारच मोठ्या संख्येनं, ऊसतोडीची माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, माघारी फिरायची सोय नाही. मूल बरोबर गेलं तर कोपीत राहतं, मागं राहिलं तर आजीपाशी. दुसरी वाट आत येणारी. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथल्या कारखान्यांनी आणि शहराच्या कडेनं सतत चाललेल्या बांधकामांनी बुलढाणा-परभणीपासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची कुटुंबं इथं आणली. वाळूज परिसरातल्या रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, बजाजनगरच्या भाड्याच्या खोल्यांत ती राहतात. ठेका संपला, काम सुटलं किंवा भाडं वाढलं की खोली बदलते आणि खोलीबरोबर शाळाही. ८ मे २०२० च्या पहाटे याच जिल्ह्यात, करमाडजवळ, जालन्याहून पायी गावाकडे निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली गेले, तेव्हा ही वाट साऱ्या देशाला दिसली. तिच्यावरून रोज चालणारी मुलं मात्र वर्गात समोर बसलेली असली तरी दिसत नाहीत.

या मुलांच्या राग, भीती, दुःख, लाज अशा अवघड भावनांचं शाळेनं आणि घरानं काय करायचं, हा या पुस्तकाचा विषय. त्यावर माझं म्हणणं एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगतो. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलाची चिडचिड, रडारड किंवा गप्प बसणं हा बहुतेक वेळा त्याच्या स्वभावाचा दोष नसतो. आपल्या आयुष्यात काय घडतंय याची त्यानं घेतलेली ती अगदी अचूक नोंद असते. जवळचं माणूस सहा महिन्यांसाठी दूर गेलं तर दुःख होणारच. नव्या वर्गात बोली कुणाला कळत नसेल तर भीती वाटणारच. चार महिन्यांचा अभ्यास बुडाल्यावर फळ्यापुढे उभं केलं तर लाज वाटणारच. म्हणून मोठ्यांचं पहिलं काम ही नोंद नीट वाचण्याचं आहे. ती वाचली गेली, तिला नाव मिळालं आणि ती ऐकणारं एक माणूस रोज त्याच जागी भेटलं, तर मूल आपली भावना पेलायला शिकतं. वाचली गेली नाही, तर ते ती दडपायला शिकतं, आणि आपण त्यालाच शहाणपण म्हणून मोकळे होतो.

या शहाणपणाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपली सर्वांत मोठी चूक इथंच होते. दंगा करणारं मूल निदान शिक्षकाचं लक्ष वेधून घेतं. शिक्षा होते, पण दखलही घेतली जाते. गप्प झालेल्या मुलाचं कौतुक होतं. ‘आईबाप गेले तेव्हा दोन दिवस रडलं, मग राहिलं बिचारं समजुतीनं,’ असं आजी सांगते आणि आपण माना डोलावतो. १९५२ साली लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एक साधा चित्रपट केला. दोन वर्षांची मुलगी शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढाच त्याचा विषय. तेव्हाच्या ब्रिटिश रुग्णालयांत आईला मुलाजवळ थांबू देत नसत, कारण आई दिसली की मूल रडतं आणि दिसली नाही की ‘रमतं’, असा अनुभव सांगितला जाई. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांनी दाखवलं की हे रमणं खरं नव्हतं. मूल आधी आक्रोश करतं, मग हताश होतं, आणि शेवटी ज्याच्यासाठी रडायचं त्याच्यापासूनच मन काढून घेतं. बाहेरून ही तिसरी अवस्था सर्वांत शांत दिसते आणि आतून तीच सर्वांत जड असते. या कामाचा परिणाम असा की १९५९ च्या सरकारी अहवालानं आईवडिलांना मुलाजवळ थांबू देण्याची शिफारस केली आणि रुग्णालयांचे नियम हळूहळू बदलले. आपल्याकडे एप्रिलात कारखान्यावरून परतलेली आई हात पुढे करते आणि चार वर्षांचं पोर आजीच्या पदराआड जातं, तेव्हा घरातले हसतात: ‘ओळखलंच नाही आईला!’ त्यानं ओळखलेलं असतं. पुन्हा जीव लावायला ते बिचकतं, कारण दिवाळीनंतर काय होतं हे त्याला आता ठाऊक झालेलं असतं.

याच कारणानं एक रीत आपण सोडायला हवी. मूल झोपेत असताना निघून जायचं, म्हणजे ते रडणार नाही, असा अनेक घरांत शिरस्ता आहे. त्यामागं माया आहे, यात शंका नाही. रडणाऱ्या लेकराला सोडून ट्रॅक्टरमध्ये चढणं कुठल्या आईला जमतं? पण सकाळी उठल्यावर मुलाला दोन गोष्टी कळतात. आई गेली, ही एक. आणि झोपलं की माणसं जातात, ही दुसरी. पुढं कित्येक रात्री ते झोपायला घाबरतं, अंथरूण ओलं करतं, आजीचा हात सोडत नाही, आणि त्याबद्दल बोलणीही खातं. जागेपणी, दिवस सांगून, रडू देऊन निरोप घेणं त्या घडीला अवघड जातं, पण पुढचे सहा महिने त्यानं सोपे होतात. तारीख खोटी सांगू नये. कारखान्याचा पट्टा नेमका कधी पडेल हे मुकादमालाही सांगता येत नाही, तेव्हा ‘होळीच्या आसपास, कदाचित पाडव्याच्या पुढं’ असं खरं तेच सांगावं. अनिश्चित असलेली गोष्ट अनिश्चित आहे असं स्पष्ट सांगितलं, तर लहान मूलही तिच्याशी जुळवून घेतं. मोडलेला शब्द मात्र त्याला पचत नाही.

आता शाळेकडे येऊ. समजा, तिसरीतला एक मुलगा सोमवारी सकाळी शेजारच्या मुलीची वही टराटरा फाडतो. आईवडील कारखान्यावर आहेत आणि रविवारी येणारा त्यांचा फोन काल आला नाही, हे वर्गात कुणाला माहीत नाही. नेहमीची पद्धत सर्वांना पाठ आहे: कान धरून उभं करणं, ‘घरी हेच शिकवतात का?’ हा प्रश्न, आणि वर्गाचं हसू. त्यानं वही फाडणं कदाचित थांबेल. फोनची वाट पाहून आलेला राग आणि त्याच्याखालची भीती तशीच राहील, वर लाजेची भर पडेल. दुसरी पद्धत अशी. बाईंनी त्याला बाजूला घ्यावं, त्याच्या उंचीला खाली बसावं आणि विचारावं, ‘काय झालं? राग आलाय का रडू येतंय?’ दोन शब्द पुढे ठेवले की मुलाला त्यांतला एक उचलता येतो. तो कदाचित दोन्ही नाकारेल आणि म्हणेल, ‘पोट दुखतंय.’ तेही उत्तरच आहे. या वयात पुष्कळ भावना पोटातून आणि डोक्यातून बोलतात. ‘कधीपासून दुखतंय?’ असं विचारलं की ‘कालपासून’ असं उत्तर येतं, आणि कालचा फोन बाहेर पडतो. मग बाईंनी दोन गोष्टी सांगायच्या, याच क्रमानं: ‘फोन आला नाही तर राग येणारच. पण राग आला म्हणून कुणाची वही फाडायची नाही. चल, आपण दोघं मिळून ती चिकटवू.’ भावनेला पूर्ण मुभा आणि वागण्याला मर्यादा, एवढंच हे सूत्र. त्याला फार तर सात-आठ मिनिटं लागतात. शिक्षेलाही तेवढीच लागतात.

नाव दिल्यानं भावना हलकी होते, हे नुसतं सुभाषित नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रागीट किंवा भेदरलेला चेहरा पाहणाऱ्या माणसाला त्या भावनेचं नाव सांगायला लावलं, तेव्हा मेंदूतल्या भयाशी संबंधित भागाची हालचाल मंदावलेली आढळली. तो प्रयोग प्रौढांवर झाला, प्रयोगशाळेत झाला. तो जसाच्या तसा रांजणगावच्या वर्गाला लावणं उतावीळपणाचं होईल. पण मुलांच्या बाबतीत वेगळ्या मार्गानं आलेली साक्ष त्याच दिशेची आहे. जॉन गॉटमन यांनी १९९० च्या दशकात घराघरांतल्या आईवडिलांच्या बोलण्याचा अभ्यास केला. मुलाच्या रागा-दुःखाची टिंगल न करता, त्याला नाव देऊन मार्ग दाखवणाऱ्या घरांतली मुलं पुढे स्वतःला सावरण्यात आणि अभ्यासातही उजवी ठरली. आता या नावांचा प्रश्न आपल्याकडे भाषेशी जाऊन भिडतो. तांड्यावरचं मूल गोरमाटीत रडतं, छपऱ्याहून आलेलं भोजपुरीत, आणि शाळा त्याला प्रमाण मराठीत गप्प करते. बेरजा मराठीत शिकाव्यात. दुःख मात्र ज्या बोलीत आलं त्या बोलीत बोलू द्यावं. बाईंना ती बोली येत नसेल तर वर्गातलंच दुसरं मूल दुभाषा होतं, आणि त्या दुभाष्याचाही मान वाढतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवण्याबद्दल आणि मुलाला भीती, आघात, चिंता यांपासून मोकळं ठेवण्याबद्दल लागोपाठ तरतुदी आहेत. त्या शेजारी-शेजारी असाव्यात हे मला फार योग्य वाटतं.

या साऱ्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो घेणारे निष्ठुर नसतात. जिथं पोटाची भ्रांत आहे तिथं भावनांचे लाड कसले? आधी पोषण, आधी हजेरी, आधी वाचता येणं. हा क्रम कागदावर पटतो, वर्गात टिकत नाही. धास्तावलेल्या मुलाचं लक्ष धास्तीच्या कारणावर असतं; फळ्यावरची अक्षरं त्याला दिसतात, पोचत नाहीत. अप्रगत म्हणून ज्याच्या नावापुढे खूण होते त्याची बुद्धी शाबूत असते, मनातली जागा अडलेली असते. शिवाय दडपलेल्या दुःखाची किंमत पुढंही मोजावी लागते. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत, बालपणातले क्लेशकारक अनुभव जितके जास्त, तितकं पुढच्या वयात व्यसनांचं, नैराश्याचं, हृदयविकारासारख्या आजारांचंही प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे हा खर्च टळत नाही. तो शाळेऐवजी दवाखान्यात आणि घराघरांत होतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. मुलं काटक असतात, विसरतात. आपणही असेच वाढलो, काय बिघडलं? काटकपणा खराच असतो. हवाई बेटांपैकी कौआईवर १९५५ साली जन्मलेल्या सर्व, म्हणजे ६९८, बालकांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलं कर्ती, मायाळू, भरवशाची माणसं झाली. पण आक्षेप घेणारे इथंच थांबतात, आणि अभ्यास पुढे जातो. या तगलेल्या मुलांच्या आयुष्यात बहुधा एक तरी असं मोठं माणूस होतं की जे कायम होतं: आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक. काटकपणा नुसता मुलाच्या हाडात नव्हता, त्या नात्यातही होता. आपल्याकडच्या आजीचं मोल यावरून कळावं. ती खायला घालते, शाळेत धाडते, एवढ्यावर तिची गणना होते. प्रत्यक्षात ती त्या मुलाचं सहा महिन्यांचं मानसिक आरोग्य सांभाळत असते, तेही थकलेल्या अंगानं आणि कुणाच्या मदतीशिवाय. पालकसभेला तिला मानानं बोलवावं. आणि थोरल्या बहिणीला काटक म्हणून गौरवताना तर फार जपावं. दहा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते, पहाटे फडात गेलेल्या आईची वाट पाहते. ती सांभाळते कारण दुसरं कुणी नसतं. तिला कुणी सांभाळावं, हा प्रश्न तिच्या कौतुकात बुडून जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि या शहरात तो उठला नाही तरच नवल. स्थलांतर हा कोरडवाहू शेतीचा, उचलीच्या कर्जाचा, रोजगाराच्या अभावाचा परिणाम. मग मुलांना भावना आवरायला शिकवणं म्हणजे अन्याय निमूट सोसायला शिकवणं नाही का? मला हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही, कारण असं घडू शकतं. श्वास मोजा, हसरा चेहरा काढा, चांगलं तेवढंच आठवा, अशा उपक्रमांनी मुलाची तक्रार पुसली जात असेल तर ते उपक्रम बंद करावेत. पण भावनेला खरं नाव मिळणं ही सोसण्याच्या उलट दिशेची गोष्ट आहे. त्याचा पुरावा याच शहरात आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, आणि गावकुसाबाहेरून आलेली, घरापासून तुटलेली मुलं इथल्या वसतिगृहांत राहून शिकली. पुढं गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकातून त्या पिढ्या लिहू लागल्या. जे आजवर आतल्या आत गिळलं होतं त्याला शब्द मिळाला, तो इतरांनाही ओळखीचा वाटला, आणि त्यातून मागणी उभी राहिली. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० साली आलं. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला शाळा कशी भेटते, हे मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक आहे. ज्याला आपलं दुःख स्वतःचाच दोष वाटतो, तो काही मागत नाही. ‘मला वाईट वाटतंय, कारण आई सहा महिने नसते,’ असं म्हणता येणारं मूल उद्या विचारील की ती का नसते. आपण त्याला त्या प्रश्नापर्यंत पोचवायचं आहे.

राहिला शिक्षकांचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे हिशेब, निवडणुकीची कामं, आणि त्यात आता समुपदेशनही? या पुस्तकानं शिक्षकाला समुपदेशक बनवायचा प्रयत्न केलेला नाही, हे मला त्याचं बलस्थान वाटतं. शिक्षकाकडे एक गोष्ट अशी असते की जी कुठल्याही तज्ज्ञाकडे नसते: तो रोज असतो. ज्या मुलाच्या आयुष्यात जागा, माणसं, भाषा सगळं बदलतं आहे त्याला हजेरीच्या वेळी रोज नावानं हाक मारणारा आवाज हाच मोठा आधार असतो. त्यापुढचे उपाय याच पुस्तकाच्या प्रकरणांत आहेत आणि त्यांतले बहुतेक पैशाविना होणारे आहेत. कुठं थांबायचं याचीही जाण हवी. मूल आठवडेच्या आठवडे खात नसेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल, किंवा त्याच्यावर अत्याचार झाल्याची शंका असेल, तर ते वर्गात सुटणारं काम नाही. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही सरकारी टेलिमानस सेवा आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक विनासंकोच वापरावा.

सरकारी आणि सामाजिक प्रयत्न आजवर झाले नाहीत असं मुळीच नाही. या शहरातूनच काम करणाऱ्या ‘जनार्थ’ संस्थेनं कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. पुढं गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं आली, स्थलांतरित मुलांना शोधून शाळेत आणणारे बालरक्षक शिक्षक आले, २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं उभारायचं ठरवून. शाळा सोडून जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे नव्या ठिकाणी त्याला कुणी दारातून परत पाठवू नये. हे सगळं मोलाचं आहे. पण या प्रत्येक व्यवस्थेनं मूल कुठं आहे याचा विचार केला. मूल कसं आहे हा रकाना कुणीच ठेवला नाही. कार्डावर इयत्ता असते, वाचन-लेखनाची पातळी असते. हे मूल घाबरलं की काय करतं, कुणाचं नाव घेतलं की शांत होतं, कोणत्या बोलीत मोकळं बोलतं, हे जुन्या शाळेतल्या बाईंना माहीत असतं आणि त्यांच्यापाशीच राहतं. पलीकडच्या जिल्ह्यातल्या गुरुजींना ते शोधायला दोन महिने लागतात, आणि तोवर मूल परत निघालेलं असतं.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांना, विशेषतः जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांतल्या शिक्षकांना, माझी एक विनंती आहे. यंदा हमी कार्ड भराल तेव्हा त्याला एक साधा कागद जोडा आणि त्या मुलाबद्दल हातानं चार ओळी लिहा. शेवटी आपला फोन नंबर द्या. मुलाला तो कागद वाचून दाखवा, म्हणजे त्यालाही कळेल की त्याच्याविषयी काय लिहिलं आहे. ज्यांच्याकडे मुलं येतात त्यांनी तो कागद मागून घ्यावा, आणि नसला तर जुन्या शाळेत फोन करून विचारावं. हे ऑक्टोबरातच व्हायला हवं. गाळप सुरू झालं की विचारायला मूल समोर नसतं.